आतून आवाज

बाबांचे डोळे गेले त्या वर्षी थोरली सोळाची होती आणि धाकटी अकराची.

चुन्याच्या भट्टीवर सगळं घर कामाला होतं. आई दगड वाहायची, थोरली कोळसा. बाबा भाजलेला चुना विझवायचे. भट्टीच्या तोंडातून निघालेले चुन्याचे खडे हौदात टाकायचे, वर बेताबेतानं पाणी सोडायचं आणि लांब दांड्याच्या फावड्यानं ढवळत राहायचं. उकळी आली की तोंड फिरवायचं, हे भट्टीवर पहिल्याच दिवशी शिकवत. बाबांना ते शिकून वीस वर्षं झाली होती. पण त्या दिवशी पाणी सोडणारा गडी नवा होता. त्यानं भरलेली बादली एकदम उपडी केली आणि अख्खा हौद अंगावर उडाला.

आईनं बाबांचं डोकं मांडीवर धरलं आणि दुपार टळेपर्यंत डोळ्यांवर पाणी ओतलं. थोरली विहिरीवरून घागरी आणत राहिली. कितवी घागर, हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पट्टी सोडली. एकेक फेरा सुटत गेला. शेवटचा सुटला तेव्हा डॉक्टर पट्टी हातात घेऊन नुसते उभे राहिले. बाबांनी विचारलं, "अजून किती राहिलीय?"

मुकादम तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं बाबांना घरी बसवलं नाही. भट्टीच्या सावलीत गोणपाट टाकून दिलं आणि चुनखडीचे बारके तुकडे करायचं काम दिलं. डाव्या हातानं दगड चाचपायचा, उजव्या हातानं हातोडी घालायची. पहिल्या महिन्यात डाव्या हाताची दोन नखं गेली. एकदा समोरचा ढीग संपला तरी बाबा हातोडी घालतच होते. मुकादम लांबून ओरडला, "अरे, बाबांपुढे दगड टाका कुणीतरी. मघापासून जमीन फोडताहेत ते." सगळे हसले. बाबाही हसले, पण जरा उशिरा.

घरी ते बोलेनासे झाले. भिंतीला टेकून बसायचे. संध्याकाळी थोरली हातपाय धुऊन आली की एवढंच विचारायचे, "आज काय झालं?"

"काही नाही. मुकादम नव्या गड्याला बोलला."

"काय बोलला?"

"कोळसा ओला का ठेवला म्हणून."

"असं नको सांगूस. कसा बोलला ते सांग."

थोरली उठून उभी राहिली. मुकादम कमरेचं धोतर सावरतो तसे दोन्ही हात कमरेला लावून वर ओढले, नाक फुरफुरवलं आणि म्हणाली, "म्हणजे कसं आहे की, हा कोळसा आहे. म्हणजे कसं आहे की, ह्याला आंघोळ लागत नाही."

बाबा हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई चुलीपुढून ओल्या हातांनीच बाहेर आली. काय झालं ते बघितलं आणि परत आत गेली. पण त्या दिवशी तिनं बाबांना दोनदा वाढलं.

मग ते रोजचंच झालं. थोरली दिवसभर माणसं टिपून ठेवायची. कोण कसं खोकतं, कोण चालताना कुठला पाय ओढतं, गाडीवान बैलाशी काय बोलतो आणि बायकोशी काय. संध्याकाळी ती बाबांपुढे सगळी भट्टी उभी करायची. शेजारपाजारची माणसं उंबऱ्यात येऊन बसायला लागली. ज्याची नक्कल व्हायची तोच सगळ्यांत जास्त हसायचा.

गोष्ट मुकादमाच्या कानावर गेलीच. दुपारच्या सुट्टीत त्यानं थोरलीला सगळ्यांसमोर बोलावलं.

"तू माझं सोंग काढतेस म्हणे. काढ की माझ्यासमोर."

थोरलीनं हातातली भाकरी खाली ठेवली. मग तिनं केलं. कंबर, नाक, सगळं. कुणी हसलं नाही. सगळे खाली बघत होते. मुकादम पुढे सरसावला, म्हणाला, "म्हणजे कसं आहे की..." आणि तिथंच अडकला. तेव्हा मात्र हसण्याचा असा फवारा उडाला की मुकादमाला तिथून निघून जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी थोरलीला कोळशावरून काढून चाळणीच्या शेडमध्ये घातलं. भट्टीवरचं ते सगळ्यांत नकोसं काम. दोघींनी मोठी चाळण दोन बाजूंनी धरून हलवायची. विझलेल्या चुन्याची पिठासारखी धूळ उडायची. तोंडाला फडकं बांधलं तरी घशात जायची. पापण्या पांढऱ्या व्हायच्या, बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या. वर्षभरात थोरलीचा आवाज बसला तो बसलाच. आधी तिचा गळा चांगला मोकळा होता. आता तिनं हाक मारली की कुणीतरी गोणपाट ओढत नेतंय असं वाटायचं. आई म्हणायची, "पाटावर बसून अशी बोललीस तर पाहुणे पळून जातील."

मग सिमेंट आलं. आधी त्याच्या गोण्या नुसत्याच रस्त्यानं जायच्या. नंतर शाळेची नवी इमारत सिमेंटात बांधली, मग दवाखाना, मग भट्टीमालकाचं स्वतःचं घर. त्या साली पावसाळ्याआधी भट्टी विझवली ती पुन्हा पेटली नाही. मुकादम एके दिवशी ट्रंक घेऊन निघून गेला. जाताना बाबांच्या गोणपाटापाशी थांबला, म्हणाला, "येतो." बाबा म्हणाले, "या."

पावसाळ्याचे चार महिने कसे काढायचे या काळजीत घर असताना नाटक कंपनी आली. कंपनीला तालमींसाठी मोठी, कोरडी जागा हवी होती आणि चाळणीची शेड रिकामी पडली होती. आईला कंपनीच्या स्वयंपाकाचं काम मिळालं, थोरलीला झाडलोटीचं. पहिले आठ दिवस ती नुसता चुना झाडत होती. तुळयांवरून तो खाली येतच राहायचा. राजाचं काम करणारा नट बोलता बोलता शिंकायचा आणि तलवार खाली पडायची.

कंपनीचा मालक स्वतःच नाटकं बसवायचा. गोल पोटाचा, मऊ बोलणारा माणूस. महिन्याभरात प्रॉम्प्टर तापानं आडवा झाला, तेव्हा मालकानं शेडमध्ये उभं राहून विचारलं, "इथं कुणाला वाचता येतं?"

थोरली केरसुणी हातात धरून म्हणाली, "मी सातवी झालेय."

तिला वही मिळाली. नट अडला की पुढचं वाक्य हळूच सांगायचं, एवढंच काम. पण तिला हळूच सांगता येईना. राजाचं वाक्य राजासारखं यायचं, दासीचं दासीसारखं. दुसऱ्याच दिवशी राजा चिडला. "ही मला आठवण करून देतेय की शिकवतेय?"

मालकानं तिला बाजूला घेतलं. "पोरी, तू सपाट वाच. मीठ आम्ही घालतो."

तिनं प्रयत्न केला. अर्ध्या पानापर्यंत जमायचं, मग पुन्हा मीठ पडायचं.

बसवत होते त्या नाटकात एक आजारी सासू होती. ती रंगमंचावर कधी येतच नाही. आतल्या खोलीतून नुसती ओरडते आणि बाहेर सगळ्यांची तारांबळ उडते. वहीत तिच्या वाक्याआधी कंसात लिहिलेलं असायचं, "आतून आवाज." ते काम करणारी बाई लग्न होऊन गेली होती. मालकानं एक दिवस थोरलीकडे बघून विचारलं, "तुझा आवाज सकाळपासून असाच असतो का?"

"दोन वर्षं असाच आहे."

"मग सासू तू कर."

पहिला प्रयोग जवळच्या शहरात झाला. विंगेत उपड्या खोक्यावर बसून थोरलीनं सासू केली. तिच्यासमोर रंगवलेल्या पडद्याची मागची बाजू होती, नुसतं ठिगळ लावलेलं कापड. पण पलीकडची माणसं हसत होती, ते तिला पायाखालच्या फळीतून कळत होतं. खेळ संपल्यावर दोघी म्हाताऱ्या मागे आल्या आणि सासूबाईंना भेटायचंय म्हणाल्या. मालकानं थोरलीला पुढे केलं. म्हाताऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली, "चेष्टा नका करू हो. खऱ्या बाईंना बोलवा."

पावसाळा संपला. कंपनी दौऱ्यावर निघणार होती. मालक घरी आला आणि म्हणाला, "हिला आमच्याबरोबर द्या."

आई भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि इथं काय करायचं? ह्यांना दिसत नाही. धाकटी अजून लहान आहे. ही गेली तर घरात कामाचे हात किती राहिले, ते तुम्हीच मोजा."

तेव्हा बाबा बोलले.

"जाऊ दे तिला."

"तुम्हाला संध्याकाळी कोण सांगणार सगळं?"

"धाकटी सांगेल."

"धाकटीला येत नाही."

"नाही आलं तर नाही. आणि ही तरी इथं राहून मला किती दिवस मुकादम ऐकवणार? मुकादमही गेला."

थोरली गेली तेव्हा आई विहिरीवर होती. बाबांनी रस्त्यापर्यंत येऊन तिचं बोचकं स्वतःच्या हातानं गाडीत ठेवलं. जागा चाचपून, नीट, कोपऱ्यात.

धाकटीला खरंच येत नव्हतं. संध्याकाळी ती बाबांपुढे बसायची आणि सांगायची, "पोस्टमन आला. बसला. पाणी प्याला. गेला."

"कसा प्याला?"

"तोंडानं."

बाबा म्हणायचे, "बरं."

थोरली कंपनीत नऊ वर्षं होती. तिला वाटलं होतं, कधीतरी पडद्याच्या पुढे मोठं काम मिळेल. मिळाली ती म्हातारी, मोलकरीण, शेजारीण. बाविसाव्या वर्षी तिनं साठीच्या नटाच्या आईचं काम केलं. चेहरा वाईट नव्हता, पण चुन्यानं हात खाल्ले होते. मालक म्हणायचा, "चेहऱ्याला रंग लावता येतो. हातांचं काय करू?" नायिका झाली असती तर हात सारखे लपवावे लागले असते. म्हातारीचे ते तसेच चालत. रंग पुसताना ती आरशात बघायची आणि सुरकुत्या निघून खालून पुन्हा आपलाच तरुण चेहरा आला की तिला जरा राग यायचा. त्याचा काही उपयोगच होत नव्हता.

घरी ती पत्रं लिहायची. उत्तर बाबांचं असायचं, अक्षर धाकटीचं. शेवटी नेहमी एक ओळ असायची, "आई बरी आहे." आईचा निरोप कधीच नसायचा. ती दोनदा घरी जाऊन आली, तेव्हाही आईनं वाढलं, अंथरूण घातलं, पण बोलली नाही. बोलायची ते भांड्यांशी आणि कोंबड्यांशी. "कुणाला वाटतं, पाणी आपोआप भरतं," असं काहीतरी.

मग मालकाची तब्येत ढासळली आणि कंपनी मोडली. सामानाचा लिलाव झाला. राजाच्या नटानं तलवार विकत घेतली. जाताना तो थोरलीला म्हणाला, "मोठ्या शहरात आवाजाचं काम मिळतं. चल, एका ठिकाणी नेतो."

पहिल्या तीन ठिकाणी तिला नको म्हणाले. साबणाच्या जाहिरातीचा माणूस तर हसला. "बाई, हा आवाज ऐकून लोक साबण नाही, खोकल्याचं औषध घेतील." चौथ्या ठिकाणी एक परभाषेतला सिनेमा आपल्या भाषेत करत होते. नायिका मिठागरात काम करणारी होती. दिसायला नाजूक आणि फार सुंदर. तिच्यासाठी पाच गोड आवाज ऐकून झाले होते. जाड चष्म्याचा रेकॉर्डिस्ट कंटाळून बसला होता. थोरलीनं दोन वाक्यं म्हटली तसा त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

"ह्या आवाजात धूळ आहे," शेजारचा माणूस म्हणाला.

"धूळच पाहिजे," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "ती दिवसभर मीठ ओढते. तिचा गळा काय सतारीसारखा असणार?"

खोली लहान होती. भिंतींना घोंगड्या ठोकलेल्या, दार बंद केलं की कान भरल्यासारखे व्हायचे. समोर सिनेमाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा दिसायचा. नायिकेचे ओठ हलले की त्याच क्षणी बोलायचं आणि मिटले की थांबायचं. बांगड्या काढायच्या, चपला बाहेर ठेवायच्या. पहिल्या दिवशी थोरली उपाशीच आली होती. ऐन शोकाच्या प्रसंगात रेकॉर्डिस्टनं हात वर केला.

"थांबा. कुणाचं तरी पोट बोलतंय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. थोरली म्हणाली, "माझं आहे." त्यानं स्वतःच्या डब्यातलं काढून दिलं आणि खाऊन होईपर्यंत काम थांबवलं.

तरी ओठ जुळत नव्हते. ती वाक्य पकडायला जायची आणि एक पाऊल मागे राहायची. संध्याकाळपर्यंत दोनच तुकडे झाले. माणसं जांभया द्यायला लागली. तेव्हा तिनं ओठांकडे बघायचं सोडलं आणि नायिकेच्या गळ्याखालच्या खळीकडे बघायला लागली. बोलण्याआधी ती बाई श्वास घ्यायची तेव्हा तिथं किंचित हलायचं. थोरलीनं तिच्याबरोबर श्वास घेतला. मग वाक्य आपोआप तिच्याबरोबरच सुटलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "झालं. पुढचं लावा."

बारा दिवसांत सिनेमा पूर्ण झाला. सुरुवातीच्या नावांच्या पाटीवर तिचं नाव नव्हतं. आवाजाच्या माणसांचं नसायचंच. तिनं घरी कळवलं, "एका सिनेमात काम केलंय. पण मी दिसत नाही." बाबांनी धाकटीला ते तीनदा वाचायला लावलं.

पुढच्या हिवाळ्यात फिरता तंबू सिनेमा घेऊन गावाबाहेरच्या मैदानात आला. धाकटीनं जाहिरात वाचली आणि पत्रातलं सिनेमाचं नाव ओळखलं. तिघं संध्याकाळच्या पहिल्या खेळाला गेले. आई येणार नव्हती, पण बाबांना गर्दीत सांभाळायला एकटी धाकटी पुरणार नाही म्हणून आली.

सिनेमा सुरू झाला. धाकटी सवयीनं सांगायला लागली, "एक बाई आहे. मीठ ओढतेय. आता थांबली."

"गप," बाबा म्हणाले. "थोरली बोलतेय."

आईनं पडद्याकडे निरखून बघितलं. "कुठाय? ही दुसरीच कुणीतरी आहे."

"तू बघू नकोस."

आई थोडा वेळ बघतच राहिली. त्या गोऱ्यापान चेहऱ्यात तिला काही सापडेना. मग तिनं डोळ्यांवर हात ठेवले. आणि तशीच बसली. आजूबाजूच्यांना वाटलं, म्हातारीला झोप लागली.

शेवटाकडे नायिकेची आई मरते. नायिका मिठाच्या ढिगाऱ्यांमधून पळत येते आणि दारातूनच हाक मारते, "आई." एकदा. मग पुन्हा एकदा, जरा खालच्या आवाजात.

तंबूत शांतता होती. त्या शांततेत आई मोठ्यानं म्हणाली, "ओ."

माणसं मागे वळली. कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. धाकटीनं आईचा दंड धरला. आईनं डोळ्यांवरचे हात काढले, सगळीकडे बघितलं आणि पुन्हा ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच तंबूवर गेली. तंबूवाला दाढी करत होता.

"तुमच्या सिनेमात माझी मुलगी बोलते. तिचं नाव का नाही लावलं?"

"मावशी, नावं मी लावत नाही. आणि पाटीवर जे दिसतात त्यांचीच नावं असतात."

"मग माझ्या नवऱ्याला तिकीट का लावलंत? त्यांना तर कुणीच दिसत नाही."

तंबूवाल्याचा वस्तरा हवेतच राहिला. त्यानं तोंड पुसलं, आईला खुर्ची दिली आणि सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाला, "खेळाआधी कर्ण्यावर सांगेन. चालेल?"

"रोज सांगा," आई म्हणाली.

धाकटीनं हे सगळं थोरलीला लिहिलं. पत्राखाली पहिल्यांदाच आईची ओळ होती. "वेळेवर जेवत जा. पोट बोलतं म्हणे तुझं." ते बाबांना लिहिलेल्या जुन्या पत्रातलं होतं. म्हणजे आई इतके दिवस पत्रं ऐकत होती.

थोरली सहाव्या दिवशी आली. आई तिला, बाबांना आणि धाकटीला घेऊन तंबूत गेली आणि मुद्दाम मधोमध बसली. कर्ण्यावर तंबूवाल्यानं थोरलीचं पाळण्यातलं नाव घेतलं, बाबांचं घेतलं आणि म्हणाला, "आणि त्या आज आपल्यात बसल्या आहेत." थोरलीनं मान खाली घातली. सिनेमा सुरू झाला तरी माणसं पडद्याकडे बघेनात. नायिका बोलली की सगळी तोंडं तिच्याऐवजी थोरलीकडे वळायची, जणू हिचे ओठ हलताहेत का ते बघायला. मध्यंतरात पुढच्या सतरंजीवरची एक बाई लेकराला कडेवर घेऊन आली.

"ती रडते तेव्हा तुम्हीच रडता?"

"हो."

"मग ती काय करते?"

"ती डोळे पुसते," थोरली म्हणाली. बाई समाधानानं जागेवर जाऊन बसली.

घरी परतताना धाकटी बाबांचा हात धरून पुढे चालली होती. थोरली आणि आई मागे. रस्त्यावर तंबूतून परतणारी माणसं होती, सायकली होत्या. आईनं चाल हळू केली, पुढच्या दोघांना जरा लांब जाऊ दिलं. मग म्हणाली, "ती दारातली हाक. ती कशी केलीस?"

"बाकीचं सगळं दहा-दहा वेळा केलं. ती एकदाच. पुन्हा करा म्हणाले, तर मी सांगितलं, नाही जमणार."

"मी ओ दिली होती."

"धाकटीनं लिहिलं होतं."

"लिहिलेलं निराळं." आई रस्त्यातच थांबली. "आता मार."

"इथं? माणसं आहेत, आई."

"असू देत."

थोरलीनं इकडेतिकडे बघितलं. समोरून एक सायकलवाला येत होता, तो जाईपर्यंत थांबली. मग तिनं हाक मारली. आवाज घोगरा निघाला, आणि अर्ध्यातच फाटला.

"ओ," आई म्हणाली. डोळ्यांत पाणी यायच्या आत ती भराभर पुढे चालू लागली आणि बाबांचा दुसरा हात धरत म्हणाली, "पाय उचला जरा. चूल पेटवायचीय अजून."